परत द्यायची लेक

सेइतकाली: ही वाटी तू काठोकाठ भरलीस.

कुलपाश: भरली.

सेइतकाली: हात चुकला असेल.

कुलपाश: तीस वर्षं या घरात चहा ओततेय, भावोजी. हात चुकायचे दिवस गेले.

सेइतकाली: अपा, ऐकतेस ना? वाटेवरच्या परक्या माणसालाही आपण अर्धीच वाटी देतो. का, तर त्यानं पुन्हा मागावी, अजून बसावं. काठोकाठ म्हणजे पी आणि ऊठ. माझ्या धाकट्या भावाच्या घरात, सख्ख्या आईसमोर, भावाची बायको मला ऊठ म्हणतेय.

बातिमा: मला डोळे आहेत. हळू धर, दस्तरखानावर सांडशील.

कुलपाश: अपांची वाटीही काठोकाठच भरलीय.

बातिमा: ते मघाशीच बघितलं. मी कुठं उठून जाऊ? घर माझं आहे.

कुलपाश: म्हणून तर मी जाणार.

सेइतकाली: कुठं जाणार?

कुलपाश: शाळेच्या स्वयंपाकघरामागं दोन खोल्या आहेत. मुख्याध्यापिका म्हणाल्या, इतकी वर्षं गावच्या पोरांना रांधून घालतेस, तुला नाही तर कुणाला द्यायच्या. चूल आहे, खिडकी उन्हाच्या बाजूला आहे. पोरीला, तोग्झानला, आणि मला पुरे.

सेइतकाली: आणि अपा?

कुलपाश: अपांचा थोरला मुलगा बसलाय की समोर. नवं घर आहे त्याचं, लाल पत्र्याचं. बायकोला तेवढं विचारून घ्या.

सेइतकाली: आई धाकट्याच्या चुलीशी राहते. वाडवडलांपासूनची रीत आहे ती.

कुलपाश: धाकटा चार वर्षांपूर्वी मातीआड गेला. त्याची बायको रीत सांभाळत बसलीय. थोरल्या दिराचं नाव सुनेनं घ्यायचं नाही, म्हणून तुमचं नाव मी आजवर जिभेवर घेतलं नाही. बालगृहातल्या बाईनं विचारलं, घरच्यांची नावं सांगा, तर तुमचं कागदावर लिहून दाखवलं. ती हसली. हसू दे. सगळं पाळलं मी. आज एवढं एक मोडणार.

बातिमा: भांडायचं तर मुद्द्याचं भांडा. ती बाई आज यायची आहे. ईदचे तीन दिवस पोर पाहुणी म्हणून आणली होती, ते संपले. आता ती मला विचारणार, म्हातारे, तू या घरातली वडीलधारी, पोर इथं ठेवायची का? मी नाही म्हटलं की पोर गाडीत. असंच ना?

कुलपाश: असंच. तुम्ही नाही म्हणा, ती आज गाडीत बसेल, रडणार नाही, त्या पोरांना रडायची सवय नसते. मग मी शाळेच्या खोलीत जाईन आणि तिथून पुन्हा मागेन. एकदा नाही दिली तर दुसऱ्यांदा मागेन. कोडगी आहे मी.

सेइतकाली: मी काय म्हणतो, जरा शांतपणे ऐक. पोर वाईट आहे असं कुणी म्हणतंय का? गुणाची आहे. पण लोक पोर घेतात ते कायमचं घेतात. माझ्या मेहुण्यानं नाही घेतलं? आपलं नाव दिलं, आपल्या सात पिढ्यांच्या वाडवडलांची नावं पाठ करून घेतली, मिटलं. पोराला आजतागायत पत्ता नाही. आणि तुझं हे काय? वर्षभर न्हाऊ घाल, खाऊ घाल, केस विंचर, आणि तिकडं आई बरी झाली की नेऊन दे. लष्करच्या भाकरी भाजायच्या नुसत्या. आमचं म्हणजे घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं.

कुलपाश: घोडं धाडलं असतं तर तुम्ही ठेवून घेतलं असतं.

बातिमा: हे मात्र खरं बोलली.

सेइतकाली: अपा, तू कुणाच्या बाजूनं आहेस?

बातिमा: घोड्याच्या.

सेइतकाली: हसा. इथं हसायला काय जातंय? गावात मला तोंड द्यावं लागतं. आज सकाळी मशिदीबाहेर म्हातारा झुमाताय गळ्यातच पडला. म्हणाला, लेक लाभली तुमच्या घराला, सुखात राहो. मी म्हटलं, कसली लेक? तर म्हणाला, अरे, ईदच्या दिवशी आम्हा साताठ म्हाताऱ्यांसमोर तिच्या हातात नळी दिली ना. आता काय राहिलं?

बातिमा: नळी? घोट्याच्या हाडाची?

सेइतकाली: तीच.

बातिमा: मला कुणी बोललं नाही. मी तेव्हा बायकांमध्ये होते. सूनबाई, वडीलधाऱ्यांसमोर ते हाड हातात दिलं की पोर त्या घरची झाली. तुला काय हे सांगायला हवं? मला न विचारता एवढं मोठं काम केलंस?

कुलपाश: मी चुलीपाशी होते, अपा. मांस कोण कापत होतं ते विचारा.

बातिमा: कोण कापत होतं?

कुलपाश: सांगा भावोजी.

सेइतकाली: आता ते झालं असं...

बातिमा: तू?

सेइतकाली: ती बघत होती गं माझ्या हाताकडं. बाकीची पोरं नुसता गोंधळ घालत होती, मला द्या, मला द्या. माझा नातू तर मांडीवरच चढला होता. आणि ही उंबऱ्याशी उभी. मागत नव्हती, पुढं येत नव्हती, नुसती बघत होती. मला वाटलं, घोट्याचं हाड खेळायला हवं असेल पोरीला. हात गेला पुढं. बाकी सगळे एकदम गप्प झाले तेव्हा माझ्या लक्षात आलं, मी काय करून बसलो.

बातिमा: दाढी पांढरी झाली तुझी. लग्नात, मयतात तुला मांस कापायला बोलावतात. कुणाला कोणतं हाड, हे गाव तुला विचारतं.

सेइतकाली: म्हणून तर तोंड लपवत फिरतोय.

कुलपाश: मग तिथल्या तिथं परत का नाही घेतलंत?

सेइतकाली: दिलेलं हाड पोराच्या हातातून ओढून घेऊ? माणूस आहे का कोण मी?

कुलपाश: आणि आज अख्खी पोर गाडीत परत घालायला निघालात.

सेइतकाली: बोलण्यात हिच्याशी कोण पुरं पडणार?

बातिमा: थांबा दोघं. झालं ते बरंच झालं. हाड दिलंय, म्हाताऱ्यांनी बघितलंय, आता घरानं तोंड फिरवलं तर पाप लागेल. सूनबाई, त्या बाईला मी हो म्हणते.

कुलपाश: अपा.

बातिमा: पुढं ऐक. घ्यायची तर पुरती घ्यायची. अर्धवट कारभार मला चालायचा नाही. पोर सहा वर्षांची आहे, वर्षभरात सगळं विसरेल. तिकडच्या आईचं नाव या घरात निघायचं नाही. तो रोजचा फोन बंद. तुला आई म्हणेल, मला आजी म्हणेल. तिची ती आई दवाखान्यातून जगून बाहेर आली तर बघू. क्षयाचं दुखणं आहे, येईलच असं कुठंय? मी वाईट चिंतत नाही, जगात जे होतं ते सांगते. बोल, आहे कबूल? आहे तर आत्ता हो.

सेइतकाली: हे ठीक आहे. हे लोकांना सांगता येईल. कुलपाश, अगं, तुला घर सोडायला नको, अपाला हलायला नको, पोर कायमची पदरात. यापेक्षा काय पाहिजे तुला?

कुलपाश: नाही.

सेइतकाली: काय नाही?

कुलपाश: या अटीवर नाही. एकदा दोनदा नाही, शंभरदा नाही.

बातिमा: हातात आलेलं लाथाडतेस?

कुलपाश: लाथाडते. ऐका, रैहानला भेटून आलेय मी. तिची आई. तुमच्यापैकी कुणी विचारलंसुद्धा नाही नाव काय तिचं. जिल्ह्याच्या दवाखान्यात आत सोडत नाहीत, खिडकीखाली उभी राहिले. वर तिसऱ्या मजल्यावर ती, तोंडाला फडकं बांधलेली. एवढीशी झालीय. फोनवर बोलत होतो आणि एकमेकींकडं बघत होतो. मला म्हणाली, ताई, तुम्हाला आई म्हणू दे तिला, मला चालेल, पण बालगृहाच्या त्या मोठ्या दालनातल्या वीस खाटांमधून तिला बाहेर काढा. असं म्हणाली आणि खिडकीला पाठ करून उभी राहिली. मी खालून ओरडले. दवाखान्याच्या अंगणात, सगळ्यांसमोर. म्हटलं, रैहान, मागं फीर, तोंड दाखव. तुझी पोर मला आई म्हणणार नाही. मी म्हणू देणार नाही. तू गोळ्या घे, खा, आणि येऊन तिला घेऊन जा. तोवर सांभाळते. शब्द दिलाय मी.

सेइतकाली: परक्या बाईला दिलेला शब्द.

कुलपाश: आईला दिलेला.

बातिमा: आणि वर्षानं ती घेऊन जाईल, तेव्हा? तुझं काय होईल याचा विचार केलास? रात्रीची कुशीत झोपायला लागलेली पोर उठून गेली की काय होतं ठाऊक आहे?

कुलपाश: मोडेन मी. काय होणार दुसरं? मला लोखंडाची समजता? तीनच दिवस झालेत, आताच तिच्या वेणीची रिबीन धुऊन वाळत घातली तरी चारदा जाऊन हात लावून बघते. जाईल त्या दिवशी चुलीपाशी बसून ऊर बडवीन. बडवू दे. माझा ऊर आहे.

सेइतकाली: जगात असं कोण पोर वाढवतं, परत द्यायला?

कुलपाश: तुमची आई. पाच वाढवल्या तिनं.

बातिमा: माझ्या लेकींचं काय मधेच?

कुलपाश: तुम्हीच सांगता ना अपा, लेक म्हणजे घरातली पाहुणी. म्हणून तिला दारापाशी बसवायचं नाही, वरच्या मानाच्या जागी बसवायचं. पाच जणींना मानानं बसवलंत, चांगलंचुंगलं खाऊ घातलंत. जाणार हे पाळण्यात घातल्या दिवशी ठाऊक होतं. म्हणून कुणाला कमी दूध पाजलंत का?

बातिमा: त्या नवऱ्याच्या घरी गेल्या. रीतीनं गेल्या.

कुलपाश: ही आईच्या घरी जाईल. त्याहून चांगलं सासर कुणाला मिळालंय?

सेइतकाली: उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्याला हिच्याकडं उत्तर.

बातिमा: तू गप्प बस जरा. सूनबाई, तुझा राग त्या पोरीपायी नाही. तुझा राग जुना आहे. बोल, आज वाटी काठोकाठ भरलीच आहेस, तर बोलून मोकळी हो.

कुलपाश: बोलू?

बातिमा: बोल.

कुलपाश: माझ्या पोटचा दौलेत मला वहिनी म्हणतो.

सेइतकाली: ते आता कशाला? थोरलं नातवंड आजीआजोबांनी घ्यायचं, आपल्याकडं घरोघर असंच चालतं. माझाही पहिला मुलगा आईनंच...

कुलपाश: तुमचा दोन वर्षांत परत गेला तुमच्या घरी. माझा इथंच होता, या घरात, भिंतीपलीकडं. मी एकवीस वर्षांची होते. चाळीस दिवस झाले आणि अपांनी त्याला उचलून आपल्या अंथरुणात घेतलं. मी दिला, कुणी हिसकावला नाही, तेही सांगते. पण मला विचारलंही नाही. तो रडायचा तेव्हा दूध माझ्या अंगावर फुटायचं, आणि मी अलीकडं कणीक मळत बसायचे. पहिला शब्द बोलला तो अपांना आई. मला वहिनी. बापाला दादा. मी म्हटलं, ठीक, मोठा झाला की समजेल. समजलं त्याला, शाळेत पोरांनी सांगितलं. पण जीभ वळून गेली होती.

बातिमा: तुझा सासरा त्याच वर्षी गेला होता.

कुलपाश: ठाऊक आहे.

बातिमा: ठाऊक असेल, कळलं नसेल. मी जेवत नव्हते, बोलत नव्हते. गावानं कफनाचं कापड आणून ठेवायचं तेवढं बाकी होतं. मग ते पोर माझ्या काखेत आलं. त्याच्या डोक्याच्या वासावर मी उठले. त्यानं मला आई म्हटलं नसतं तर आज तू कुणाशी भांडली असतीस?

कुलपाश: म्हणून तर तीस वर्षं गप्प होते. तुम्ही जगलात, ते बरंच झालं. पण त्याच्या बापाच्या मयताचा दिवस आठवतो का, अपा? दारात बाप्ये रीतीप्रमाणे काठीला टेकून उभे होते, रडत होते. दौलेत कामावरून धावत आला, काठी घेतली, उभा राहिला आणि टाहो फोडला. काय म्हणून? भाऊ रे माझ्या. बाप मेला होता त्याचा. सगळा गाव ऐकत होता. दुसरा शब्द त्याच्या तोंडात आलाच नाही. आणि मग तो मधेच थांबला. त्याला कळलं. काठी तशीच हातात, तोंड उघडं, आणि आवाज नाही. भावोजी, तुम्ही त्याच्या शेजारी होतात.

सेइतकाली: होतो.

कुलपाश: खोटं बोलतेय का मी?

सेइतकाली: नाही. मी त्याचा दंड धरला होता.

कुलपाश: त्या दिवशी मी ठरवलं. या घरात पुन्हा एका लेकराची जीभ आईच्या नावावरून वळवायची नाही. रीत असो, पुण्य असो, प्रेम असो, कशापायी नाही. मी तोग्झानला न्हाऊ घालीन, रागवीन, तिला ताप आला तर उशाशी बसेन. पण आई रैहान. रोज फोन लागेल. ती विचारेल आई कधी येणार, आणि मला उत्तर नसलं तर नाही म्हणून सांगेन. हे चालत असेल तर मी या घरात आहे, मरेपर्यंत तुमचं करीन. चालत नसेल तर माझं गाठोडं बांधलेलं आहे. बघा कोपऱ्यात.

बातिमा: बघितलं. उशीचा अभ्रा घेतलास, उशी राहिली.

कुलपाश: उशी तुमची आहे.

सेइतकाली: मी काय म्हणतो, अपा... म्हणजे माझं काही म्हणणं नाही. हाड मी दिलंय. विचारलं कुणी तर सांगता येईल, घरची लेक झाली, पण लेकच आहे, लेक जायचीच. झुमातायला एवढं कळेल. त्याच्या चार गेल्यात.

बातिमा: मघापासून हेच ती सांगत होती.

सेइतकाली: ती ओरडून सांगत होती. मला सावकाश कळतं.

कुलपाश: भावोजी, ती वाटी द्या इकडं. गार झाली.

सेइतकाली: अर्धीच भर. ती बाई येईपर्यंत बसतो मी. एक बाप्या घरात असलेला बरा, सरकारी माणसांसमोर.

(फोन वाजतो. तो बातिमाच्या गुडघ्याशी आहे.)

कुलपाश: रैहान असेल. या वेळेला करते. द्या अपा.

बातिमा: मला उचलता येतो. हॅलो. कोण? हां. मी तोग्झान आहे त्या घरातली म्हातारी. नाही, नाही, ठेवू नकोस. सावकाश बोल, खोकला येऊ दे, मी थांबते. झालं? पाणी पी. पोर बरी आहे. दोन दिवस मांस खाल्लं, आज लोणी लावून भाकरी खाल्ली. अंगणात आहे, हाडांनी खेळतेय, माझ्या पणतवाला हरवतेय. तू काय खातेस? एवढंच? त्यानं काय होणार? ऐक माझं, उंटिणीचं दूध पाठवते. आमचा सेइतकाली आणून देईल, त्याला काही काम नाही. आभार कसले मानतेस, बरी हो. उगाच रडू नकोस, छातीला त्रास होतो. धर, बोलावते तिला.

सेइतकाली: मी? जिल्ह्याला?

बातिमा: खिडकी उघड रे. तोग्झान. ए तोग्झान. ते हाड ठेव खाली आणि आत ये, बाळा. आईचा फोन आलाय. तुझ्या आईचा.

कुलपाश: अपा.

बातिमा: काय?

कुलपाश: काही नाही. चहा ओतू?

बातिमा: ओत. ‘तुझी आई’ म्हणायचं, एवढंच असतं होय ते. दौलेतच्या वेळी मी उगाच इतकी भ्यायले.